रजोनिवृत्ती आणि आयुर्वेद : कोकणातील स्त्रियांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाळी जाण्याच्या काळाविषयी दापोली-गुहागरपासून मालवण-वेंगुर्ल्यापर्यंतच्या स्त्रिया, आणि अलीकडे त्यांची मुले व सुनाही, जे प्रश्न आम्हाला पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे आयुर्वेदाच्या दृष्टीने दिली आहेत. जेथे आधुनिक तपासणी किंवा उपचार आवश्यक आहेत तेथे तसे स्पष्ट लिहिले आहे. पाळी थांबल्यावर वर्षभराने पुन्हा रक्त दिसले असेल, तर बाकीचे सारे बाजूला ठेवून प्रश्न ११ आधी वाचावा.

१. पाळी गेली असे नक्की कधी म्हणायचे? माझी चार महिने आली नाही आणि मग अचानक आली.

शेवटच्या पाळीनंतर सलग १२ महिने पाळी आली नाही आणि त्यामागे गर्भारपण, एखादे औषध किंवा दुसरा आजार नाही, तर रजोनिवृत्ती झाली असे धरतात. तुमची चार महिन्यांनी पुन्हा आली, म्हणजे तुम्ही अजून त्याआधीच्या संक्रमणकाळात आहात. हा काळ काही वर्षेही चालतो. त्यात पाळी लवकर येणे, लांबणे, अगदी थोडी जाणे किंवा एकदम भरपूर जाणे यांपैकी काहीही घडू शकते. म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पाळीची तारीख आणि स्राव किती दिवस टिकला हे लिहून ठेवावे. वैद्याला असो वा स्त्रीरोगतज्ज्ञाला, त्या नोंदीइतका उपयोग क्वचितच दुसऱ्या कशाचा होतो. वय ४५ च्या पुढे असेल तर रजोनिवृत्तीच्या निदानासाठी सहसा रक्त तपासावे लागत नाही. मात्र थायरॉइड आणि हिमोग्लोबिन एकदा पाहून घ्यावे, कारण थकवा, धडधड आणि चिडचिड त्यांच्यामुळेही होते आणि सारा दोष पाळीच्या माथी मारला जातो.

२. आयुर्वेद याला आजार मानतो का?

मानत नाही. रज, म्हणजे पाळीचा स्राव, सुमारे १२ व्या वर्षी सुरू होते आणि ५० च्या सुमारास क्षीण होते, असे सुश्रुतसंहितेत व अष्टांगहृदयात सांगितले आहे. भूक, तहान, निद्रा, जरा (म्हातारपण) आणि मृत्यू यांना सुश्रुताने स्वाभाविक म्हटले आहे, आणि रजोनिवृत्ती ही त्या जरेच्या वाटेवरची एक अवस्था आहे. प्राचीन संहितांमध्ये तिच्यावर स्वतंत्र रोग म्हणून प्रकरण आढळत नाही. आज वैद्य जी चिकित्सा करतात ती वय, दोष (वात, पित्त, कफ) आणि धातू (रस, रक्त, अस्थी असे शरीराचे घटक) यांच्या मूळ सिद्धांतांवरून उभी केलेली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे.

त्या सिद्धांतांचा गाभा असा : बालपणी कफाचे, मध्यम वयात पित्ताचे आणि उतारवयात वाताचे प्राबल्य असते. पन्नाशीच्या आसपास शरीर पित्ताच्या काळातून वाताच्या काळात जात असते. आर्तव, म्हणजे पाळीचे रक्त, हा रसधातूचा उपधातू आहे, म्हणजे त्याच्यापासूनच तयार होतो. वयानुसार धातूंचे पोषण मंदावते, तसे आर्तवही क्षीण होते आणि वाताचा रूक्षपणा वाढू लागतो. त्वचा कोरडी पडणे, झोप तुटणे, सांधे धरणे, मन अस्थिर होणे ही सारी त्या वाढत्या वाताची चिन्हे मानतात. ती प्रत्येकीला सारखी होत नाहीत. मुळात पित्तप्रकृतीची स्त्री अंगातल्या भडक्याने आणि रागाने हैराण होते, वातप्रकृतीच्या स्त्रीला झोप आणि सांधे छळतात, तर कफप्रकृतीच्या स्त्रीचे वजन वाढते आणि अंगाला जडपणा येतो. म्हणून शेजारणीला लागू पडलेला काढा तुम्हाला लागू पडेलच असे नाही.

३. माझे वय ४१ आणि पाळी थांबत आली आहे. हे फार लवकर नाही का?

भारतीय स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीचे सरासरी वय ४६ ते ४७ च्या आसपास आहे. ४० ते ४५ या वयात पाळी गेली तर ती लवकर गेली असे म्हणतात, आणि ४० पूर्वी गेली तर तो अकाली रजःक्षय असून त्याची तपासणी झालीच पाहिजे. अशा वेळी केवळ रसायन (आयुर्वेदातली शक्तिवर्धक) औषधे घेत बसू नये, कारण शरीर जितकी अधिक वर्षे संप्रेरकांविना राहते तितकी हाडे आणि हृदय यांची चिंता वाढते (प्रश्न १२ आणि १३ पाहा). धूम्रपानाने पाळी एक-दोन वर्षे लवकर जाते हे सिद्ध आहे. आपल्याकडे बायका विडी सहसा ओढत नाहीत, पण सकाळी चुलीपाशी बसून मिश्री लावतात. मिश्री हीसुद्धा तंबाखूच आहे. ती सोडणे हा या वयातला सर्वांत स्वस्त उपचार आहे.

४. चारचौघीत बसले असताना एकदम छाती-मानेतून भडका उठतो, घाम फुटतो आणि मग गारठल्यासारखे होते. असे का होते?

आधुनिक वैद्यकानुसार ईस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक (हार्मोन) घटू लागले की मेंदूतील तापमान सांभाळणारे केंद्र फार संवेदनशील होते. अंगाची उष्णता किंचित वाढली तरी ते त्वचेच्या रक्तवाहिन्या फुलवते आणि घाम आणते. आयुर्वेदाने हाच अनुभव पित्त आणि वात यांच्या संयोगाने समजावला आहे : विझत आलेल्या निखाऱ्यावर वारा आला की तो क्षणभर फुलतो, तसे उतरणीला लागलेले पित्त चल वातामुळे उसळते. म्हणूनच केवळ थंड पदार्थांचा मारा केला तर भडका कमी होतोच असे नाही. थंड आणि रूक्ष खाण्याने वात आणखी वाढतो व झोप बिघडते. येथे पित्त शमवताना वाताला स्निग्धता द्यावी लागते. त्यासाठी जेवणात बेताचे साजूक तूप, वेळेवर आहार, आणि फार तिखट, आंबवलेले, पुन्हा पुन्हा तापवलेले पदार्थ व दिवसभराचा चहा यांना आवर घालणे हे पहिले पाऊल आहे.

बहुतेक स्त्रियांचा हा त्रास काही वर्षांत ओसरतो. मात्र भडक्यांबरोबर वजन घटत असेल, रोज संध्याकाळी ताप येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर ते रजोनिवृत्तीचे म्हणून सोडून देऊ नये.

५. आमच्याकडे वैशाखात हवा नुसती चिकट असते. कोकम सरबत, सोलकढी आणि डोक्याला खोबरेल एवढे पुरेल का?

आयुर्वेदाच्या देशविचारात किनारपट्टी हा आनूप, म्हणजे ओलसर प्रदेश आहे. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे भडक्यानंतरची गारवा येण्याची क्रिया अपुरी राहते आणि एप्रिल-मे महिन्यांत काजू-आंब्याच्या कामात असलेल्या स्त्रियांना हा त्रास दुप्पट वाटतो. सुती सैल कपडे, काम पहाटे आणि उन्हे उतरल्यावर करणे, माठातले पाणी घोट घोट घेत राहणे याने बराच फरक पडतो. पावसाळ्यात वात वाढतो आणि सांध्यांच्या तक्रारी येतात. पाऊस संपल्यावर शरद ऋतूत, म्हणजे भातकापणीच्या उन्हात, पित्त उसळते. एकाच स्त्रीची तक्रार वर्षभरात अशी रूप बदलते, आणि औषधही त्याप्रमाणे बदलावे लागते.

कोकमाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. चरकसंहितेत वृक्षाम्ल, म्हणजे कोकम, हे रूक्ष, उष्ण आणि वातकफात हितकर सांगितले आहे. घरोघरचा अनुभव मात्र ते उन्हाळ्यात गारवा देते असा आहे. वैद्य म्हणून माझे मत असे की, जेवणाबरोबर वाटीभर सोलकढी बहुतेकींना सोसते, कारण नारळाच्या रसाची स्निग्धता आमसुलाच्या रूक्षतेला सांभाळून घेते. ज्यांना आंबट ढेकर किंवा छातीत जळजळ आहे त्यांनी ती रोज घेऊ नये. बाटलीतल्या सरबतात मात्र साखर इतकी असते की मधुमेह असलेल्या स्त्रीने त्याऐवजी बिनसाखरेचे आगळ पाण्यात घालून घ्यावे, आणि रक्तदाब असल्यास आगळातल्या मिठाकडेही लक्ष ठेवावे.

खोबरेल शीत आहे. भडके आणि डोक्याची आग यांसाठी डोक्याला व तळपायांना ते उत्तम. सांधे दुखत असतील तर तिळाचे तेल कोमट करून लावावे, कारण वातासाठी तेलांमध्ये तिळाचे श्रेष्ठ मानले आहे. ताप, अजीर्ण किंवा अंगावर पुरळ असताना अभ्यंग करू नये.

६. या काळात मासे सोडावेत का? आणि नाचणी-कुळीथ चालतील का?

मासे सोडण्याचे कारण नाही. मांदेलीसारखी बारीक मासळी काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही मिळते. सोडायचे असेल तर सुक्या मासळीचे मीठ कमी करावे : खारवलेला बांगडा आणि सुकट पाण्यात भिजवून, धुऊन, मग शिजवावी. दूध आणि मासे एकत्र घेणे आयुर्वेदाने विरुद्ध आहार मानले आहे; नारळाचे दूध त्यात येत नाही, ही शंका अनेकजणी विचारतात.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. नाचणीची भाकरी किंवा ताकातली आंबील या वयात रोजच्या जेवणात असावी. फक्त ती रूक्ष असल्याने भाकरीवर तूप घ्यावे. कुळीथ उष्ण आहे. पावसाळ्यात कुळथाची पिठी वातकफाच्या तक्रारीत चांगली, पण पाळी खूप जात असेल किंवा भडके जोरात असतील तेव्हा ती टाळावी. उपवासांविषयी एकच सांगणे आहे : श्रावणात आणि मार्गशीर्षात दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाणा खाण्याने वात आणि रक्तातली साखर दोन्ही बिघडतात. उपवास धरायचाच असेल तर वरी, दूध, फळे असे थोडे थोडे खात धरावा.

७. रात्री दोनला जाग येते ती पहाटेपर्यंत. झोपेसाठी काय करावे?

संध्याकाळनंतर चहा घेऊ नये, जेवण सातच्या सुमारास हलके करावे, निजताना तळपायांना तेल चोळावे आणि दुपारची झोप सोडावी. आपल्या नारळी-पोफळीच्या बागांत पिकणारे जायफळ चिमूटभर उगाळून कोमट दुधातून घेण्याची जुनी पद्धत चांगली आहे. मात्र चिमूट म्हणजे चिमूटच, कारण जास्त जायफळ विषारी ठरते. वैद्य शिरोधारा (कपाळावर तेलाची धार), नस्य (नाकात औषधी थेंब) आणि औषधेही योजतात. आठवडेच्या आठवडे झोप नसेल आणि त्यासोबत मन उदास असेल, तर प्रश्न १५ पाहावा.

८. शतावरी आणि अश्वगंधा सगळ्याच घेतात. मी आपली आपण सुरू करू का?

ही दोन्ही चांगली रसायन द्रव्ये आहेत आणि त्यांच्यावर झालेल्या काही छोट्या अभ्यासांत भडके व झोप यांत सुधारणाही दिसली आहे. पण छोट्या अभ्यासांवरून खात्री देता येत नाही, आणि निर्धोक असे औषध कोणतेच नसते. अश्वगंधेमुळे क्वचित यकृताला सूज आल्याच्या नोंदी आहेत, ती थायरॉइडच्या गोळ्यांच्या आणि झोपेच्या औषधांच्या परिणामात फरक करते. गुळवेलीबाबतही यकृताच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत. ज्येष्ठमध जास्त काळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटते. बाजारातल्या शतावरी कल्पात साखर बरीच असते. अशोकारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत किण्वनातून तयार झालेला मद्यांश असतो.

तपासायला आलेल्या एका बाईंनी कापडी पिशवीतून एकापाठोपाठ एक चार पुड्या काढून टेबलावर मांडल्या होत्या : एक जत्रेतली, एक नात्यातल्या कोणीतरी दिलेली, दोन पोस्टाने मागवलेल्या. एकीवरही नाव नव्हते, उत्पादकाचा परवाना क्रमांक नव्हता, आणि दोघींचा वास व रंग तर अगदी सारखा होता. अशा बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड किंवा शिसे असू शकते. भस्म किंवा रसकल्प (धातू वा पारा वापरून केलेली औषधे) असलेली औषधे तर नोंदणीकृत वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावीत. वैद्याची नोंदणी महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे आहे का, हे विचारण्यात संकोच करू नये.

९. शिंकले की लघवी गळते, जळजळ होते, आणि आत काहीतरी खाली उतरल्यासारखे वाटते. हे कोणाला सांगू?

सर्वांत जास्त लपवला जाणारा त्रास हाच आहे, आणि याच्यावर उपाय आहेत. ईस्ट्रोजेन घटल्याने योनीचे व मूत्रमार्गाचे अस्तर पातळ आणि कोरडे होते. आयुर्वेदात हे अपानवायूच्या (ओटीपोटातल्या वाताच्या) विकृतीचे आणि रूक्षतेचे क्षेत्र आहे. वैद्य औषधी तेलाचा योनिपिचू योजतात, पण तो स्वच्छतेने, तपासणीनंतर आणि प्रशिक्षित हातांनी ठेवला पाहिजे; घरातले तेल कापसाला लावून आत ठेवू नये. कमी मात्रेचे स्थानिक ईस्ट्रोजेन मलम हा आधुनिक उपाय बहुतेकींना उपयोगी आणि सुरक्षित ठरतो. समागमाच्या वेळी दुखत असेल तर तेही वैद्याला सांगण्याची गोष्ट आहे, सहन करण्याची नव्हे.

अंग बाहेर येत असेल तर लावणीच्या दिवसांत वाकून तासन् तास काम करणे, डोक्यावर भाऱ्यांचे ओझे आणि जुनाट बद्धकोष्ठ यांनी ते वाढते. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो ते आवळून-सोडून रोज व्यायाम करावा, ओझे विभागून न्यावे, आणि ग्रामीण रुग्णालयात तपासून घ्यावे. सुरुवातीच्या टप्प्यात शस्त्रक्रियेविना भागते.

१०. गौरी-गणपतीत अडचण नको म्हणून पाळी पुढे ढकलण्याची गोळी घेते. आता वय ४७ आहे. चालेल का? आणि थांबलेली पाळी परत आणण्याचे औषध आहे का?

दरवर्षी भाद्रपदाच्या आधी हा प्रश्न येतो. औषधांच्या दुकानातून चिठ्ठीविना घेतलेली ती गोळी या वयात घेऊ नये. त्या गोळीतल्या नोरेथिस्टेरॉन या औषधाने रक्तात गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. वजन, रक्तदाब, तंबाखू किंवा पायातल्या फुगलेल्या शिरा असतील तर तो धोका गांभीर्याने घ्यावा लागतो. शिवाय संक्रमणकाळात पाळीचे चक्र आधीच अनियमित असते. त्यात गोळीची भर पडली की नंतरचा रक्तस्राव गोळीचा की आजाराचा हे कळत नाही. पाळी शरीराचा धर्म आहे आणि तिच्यामुळे गौरी रुसत नाहीत, असे मी आलेल्या प्रत्येकीला मनापासून सांगते.

थांबलेली पाळी आणण्यासाठी रजःप्रवर्तिनी वटीसारखी औषधे आपल्या मनाने घेऊ नयेत. आधी गर्भधारणेची चाचणी करावी. निसर्गक्रमाने गेलेली पाळी परत आणण्याचा कोणताही उपाय हितकर नाही. पाळी येत राहिली म्हणजे तारुण्य टिकते ही समजूत चुकीची आहे.

११. दीड वर्षाने पुन्हा थोडे रक्त दिसले. पाळी परत आली का?

नाही. बारा महिने उलटल्यावर रक्ताचा एक डाग दिसला, गुलाबी पाणी गेले, किंवा समागमानंतर रक्त आले, तरी ती पाळी समजू नये आणि त्या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे. कोणताही काढा, लोध्र, अशोक किंवा घरगुती उपाय त्याआधी सुरू करू नये. रक्त थांबले म्हणून जाणे टाळूही नये.

बहुतेकींच्या बाबतीत कारण साधे निघते : अस्तर पातळ होणे, लहान गाठ, संसर्ग. पण सुमारे दहांपैकी एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आढळतो, आणि तो रक्तस्रावामुळेच लवकर लक्षात येतो. लवकर सापडला तर उपचार बहुधा यशस्वी होतात. आतून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी पाहतात. ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असल्यास अस्तराचा नमुना तपासायला घेतात. गर्भाशयमुखाचीही तपासणी होते. पाळी चालू असताना तासाभरात पॅड भिजेल इतके रक्त जाणे, गाठी पडणे किंवा चक्कर येणे हीदेखील तितकीच तातडीची बाब आहे. आयुर्वेदात असृग्दराची, म्हणजे अति रक्तस्रावाची, चिकित्सा आहे आणि ती मी करतेही, पण कारण समजल्यावर. कारण न पाहता रक्त थांबवणे म्हणजे रोगाला वेळ देणे.

१२. माझी पिशवी पस्तिशीतच काढली. मला हे सारे लागू आहे का?

शस्त्रक्रियेत बीजांडकोशही काढले होते का, हे आधी कागदपत्रांत पाहावे. फक्त गर्भाशय काढले असेल तर पाळी येत नाही, पण संप्रेरके चालू असतात आणि रजोनिवृत्तीची लक्षणे पुढे कधीतरी, बहुधा थोडी लवकर, येतात. बीजांडकोशही काढले असतील तर दुसऱ्या दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते आणि ती फार तीव्र असते. अशा तरुण स्त्रियांना, दुसरी अडचण नसेल तर, नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन घेण्याचा सल्ला देतात. केवळ आयुर्वेदिक औषधे त्यांची जागा घेऊ शकत नाहीत.

हाडांसाठी सर्वांनी दिवसाला एकूण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि पायांवर भार येईल असा चालण्याचा व्यायाम पाहावा. वात आणि अस्थी यांचे नाते आयुर्वेदात असे सांगितले आहे की वात वाढला की अस्थी क्षीण होते. त्यावर तिक्त (कडू) द्रव्यांनी सिद्ध दूध-तूप आणि बस्ती (औषधी एनिमा) योजतात. घसरून मनगट मोडले असेल तर ते नुसते शेवाळलेल्या पाखाडीमुळे मोडले असे मानून बसू नये. हाडांची घनता तपासावी.

१३. हार्मोनच्या गोळ्या घ्याव्यात की आयुर्वेद? दोन्ही एकत्र चालतात का?

२००२ मध्ये अमेरिकेतील विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासानंतर या गोळ्यांची भीती जगभर पसरली. पुढच्या विश्लेषणांतून असे दिसले की, ६० पेक्षा कमी वयाच्या किंवा पाळी जाऊन १० वर्षे न झालेल्या निरोगी स्त्रियांमध्ये, त्रास तीव्र असल्यास, फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त असतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर त्या देत नाहीत. आहार, अभ्यंग, झोप आणि व्यायाम यांचा दिनक्रम कोणत्याही गोळीसोबत चालतो. पोटात घ्यायची वनौषधी मात्र दोन्ही डॉक्टरांना सांगूनच घ्यावी. स्तनाच्या कर्करोगाचा उपचार चालू असणाऱ्या किंवा पूर्वी झालेल्या स्त्रियांनी शतावरीसारखी, संप्रेरकासारखा परिणाम करू शकणारी द्रव्ये कर्करोगतज्ज्ञाच्या संमतीशिवाय घेऊ नयेत.

१४. पाळी अनियमित झाली म्हणजे आता दिवस जाण्याची काळजी नाही ना?

काळजी आहे. ५० च्या आधी शेवटची पाळी आली असेल तर त्यानंतर २ वर्षे, आणि ५० नंतर आली असेल तर १ वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवावे. कंडोमबरोबर खोबरेल किंवा दुसरे तेल वापरू नये. त्याने रबर फाटते.

१५. मी मुंबईत नोकरीला आहे. गावी आई एकटी असते. फोनवर चिडते, रडते, म्हणते "मला काही झालेलं नाही." काय करावे?

"वय झालं, असंच असतं" असे तिला सांगू नये आणि लक्षणांची यादीही वाचून दाखवू नये. झोप लागते का, जेवण जाते का, घरकामात आणि देवळात मन रमते का, हे रोजच्या बोलण्यातून विचारावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ उदासी, निरुत्साह किंवा भीती टिकली, तर ती रजोनिवृत्तीची आहे की नैराश्याची हे तज्ज्ञानेच ठरवावे. संक्रमणकाळात नैराश्याचा संभव वाढतो आणि त्यावर उपचार आहेत. ब्राह्मीसारखी मेध्य (बुद्धीला व मनाला हितकर) द्रव्ये सौम्य अस्वस्थतेत उपयोगी पडू शकतात, तीव्र नैराश्यात ती पुरेशी नाहीत. जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा आली तर त्याच दिवशी शासनाच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा आणि शेजारच्या विश्वासू माणसाला तिच्याजवळ थांबायला सांगावे.

पुढच्या वेळी गावी याल तेव्हा तिला आरोग्य केंद्रात स्वतः घेऊन जावे. तिथे रक्तदाब, साखर, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी एकाच फेरीत होऊ शकते. गावातल्या आशाताईंना आधी फोन केला तर तपासणी कोणत्या दिवशी असते ते त्या सांगतील, आणि आई एकटीने जायला कचरत असेल तर तुम्ही येण्याआधीच तिला सोबतही करतील.